मिशिगनमध्ये शिकार आणि मासेमारीचा परवाना: एकत्रित घ्यावा की सुटा?

कोकणात खाडीच्या धक्क्यावर बसून गरवताना कुणी परवाना विचारल्याचे आपल्यापैकी फार थोड्यांना आठवत असेल. शिकारीची गोष्ट याच्या अगदी उलट आहे, कारण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात वाढलेल्या पिढ्यांना शिकार हा गुन्हा म्हणूनच ठाऊक आहे. एक गोष्ट सहज मोकळी आणि दुसरी पूर्ण बंद, अशा सवयीतून आलेला मराठी माणूस नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी मिशिगनमध्ये येतो, तेव्हा या दोन्ही गोष्टी एकाच सरकारी खात्याच्या एकाच दरपत्रकावर, रीतसर शुल्क लावून मांडलेल्या पाहून तो गोंधळतो. त्या दरपत्रकातला 76 डॉलरचा 'हंट-फिश कॉम्बो', म्हणजे शिकार व मासेमारीचा एकत्रित परवाना, त्याला साहजिकच सोयीचा वाटतो. तो कोणाला खरोखर उपयोगी आहे आणि कोणी घेऊ नये, हे पायरीपायरीने सांगण्यासाठी हा लेख आहे.

आधी ही रचना कशी बनली ते पाहू

मिशिगनला पाच महासरोवरांपैकी चारांचा किनारा आहे आणि राज्याच्या पोटात सुमारे 11,000 लहानमोठी तळी आहेत. इथल्या मासेमारीचा आणि शिकारीचा कारभार राज्याचा नैसर्गिक संसाधन विभाग पाहतो, ज्याला सगळे जण 'डीएनआर' म्हणतात. 2014 पूर्वी या विभागाकडे परवान्यांचे दोनशेहून अधिक प्रकार होते. मासेमारीचे उदाहरण घेतले, तर ट्राउट आणि सामन सोडून इतर मासे धरण्यासाठी 15 डॉलरचा मर्यादित परवाना होता, तर सर्व जातींसाठी 28 डॉलरचा वेगळा. हरणाचा परवाना 15 डॉलरला मिळत असे, आणि ससे, खारी, तितरांसारख्या लहान प्राणिपक्ष्यांच्या शिकारीचा परवाना पुन्हा निराळा होता.

2013 मध्ये विधिमंडळाने नवा कायदा मंजूर केला, राज्यपाल रिक स्नायडर यांनी त्यावर स्वाक्षरी केली आणि 1 मार्च 2014 पासून नवी रचना लागू झाली. प्रकार चाळीसच्या आसपास उरले. मासेमारीसाठी रहिवाशाला आता सर्व जातींचा एकच वार्षिक परवाना आहे, 26 डॉलरचा. म्हणजे सामनवाल्याचे 2 डॉलर वाचले, पण फक्त ब्लूगिल आणि पर्चसारखे लहान मासे धरणाऱ्याचा खर्च 15 वरून 26 वर गेला. शिकारीसाठी 11 डॉलरचा 'बेस लायसन्स' हा पाया ठरला. तो घेतल्याशिवाय हरणाचा, रानटर्कीचा किंवा बदकांचा कोणताही परवाना मिळत नाही, आणि लहान प्राण्यांची शिकार मात्र त्या एकाच परवान्यावर करता येते. हरणाचा सुटा परवाना 20 डॉलरचा झाला आणि दोन टॅगांचा, म्हणजे मारलेल्या हरणाला बांधायच्या दोन चिठ्ठ्यांचा, 'डिअर कॉम्बो' 40 डॉलरचा. एकत्रित हंट-फिश कॉम्बो हा या नव्या रचनेतलाच पर्याय आहे.

या लेखातले सगळे दर या रचनेतले आहेत. दर वाढवण्याचे प्रस्ताव विधिमंडळात अधूनमधून येत असतात, त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी विभागाच्या चालू दरपत्रकाशी आकडे एकदा ताडून पाहावेत.

हा पैसा जातो कुठे, हेही नवख्याने समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. परवान्यांचे उत्पन्न मत्स्य आणि वन्यजीव व्यवस्थापनावरच खर्च करण्याचे बंधन केंद्र सरकारने राज्यांवर घातले आहे. शिवाय 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका व काडतुसांवर, आणि 1950 च्या डिंगेल-जॉन्सन कायद्यानुसार मासेमारीच्या साहित्यावर जो केंद्रीय कर बसतो, त्याची राज्यांमध्ये वाटणी करताना परवानाधारकांची संख्या मोजली जाते. यातले डिंगेल हे डेट्रॉइटचेच खासदार होते. म्हणून आपण 26 डॉलर भरतो, तेव्हा त्या परवान्यामुळे राज्याच्या वाट्याला वरून आणखीही काही येते. मत्स्यबीज केंद्रे, नद्यांची देखभाल आणि नाव पाण्यात उतरवण्याचे धक्के यांत हा पैसा दिसतो. 1966 मध्ये मिशिगनच्या नद्यांत कोहो सामनची पिल्ले सोडण्यात आली आणि तिथूनच आजच्या शरद ऋतूतल्या सामन मासेमारीची सुरुवात झाली.

पहिली पायरी: आपण रहिवासी आहोत का?

दरातला सर्वांत मोठा फरक याच प्रश्नावर ठरतो. बेस लायसन्स रहिवाशाला 11 डॉलरला, तर बाहेरच्याला 151 डॉलरला पडतो. वार्षिक मासेमारीचा परवाना 26 विरुद्ध 76, आणि एकत्रित परवाना 76 विरुद्ध 266 डॉलर असा हिशेब आहे.

रहिवासी म्हणजे अमेरिकन नागरिक, असा गैरसमज आपल्या लोकांमध्ये फार आढळतो. तसे नाही. ज्याचे कायमचे घर मिशिगनमध्ये आहे आणि ज्याचा इथे राहण्याचा इरादा आहे, तो या कामापुरता रहिवासी ठरतो, आणि व्यवहारात त्याचा सर्वांत सोपा पुरावा म्हणजे मिशिगनचा वाहनचालक परवाना किंवा राज्याचे ओळखपत्र. विद्यार्थ्यांसाठी तर नियमात स्वतंत्र तरतूद आहे. मिशिगनमधल्या महाविद्यालयात किंवा विद्यापीठात पूर्णवेळ शिकणारा आणि शैक्षणिक वर्षात राज्यात राहणारा विद्यार्थी रहिवाशाच्या दराने परवाना घेऊ शकतो. ॲन आर्बरला किंवा हाउटनला शिकायला आलेल्या मुलामुलींना हे माहीत नसते आणि ते उगाच 50 डॉलर जास्त भरतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे परवान्याशिवायच गळ टाकतात.

उन्हाळ्यात भेटीला आलेले आईवडील मात्र बाहेरचेच मानले जातात. रहिवासी ज्येष्ठांना, म्हणजे 65 वर्षे पूर्ण झालेल्यांना, मासेमारीचा परवाना 11 डॉलरला आणि एकत्रित परवाना 43 डॉलरला मिळतो. पण पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेल्या बाबांना ही सवलत लागू होत नाही. त्यांच्यासाठी 24 तासांचा 10 डॉलरचा परवाना आहे, आणि तो रहिवासी व बाहेरचे या दोघांना एकाच दराने मिळतो. ते सात दिवसांपर्यंत मासे धरणार असतील, तर दिवसाचे परवाने स्वस्त पडतात. आठव्या दिवसापासून 76 डॉलरचा वार्षिक परवाना फायद्याचा ठरतो. रहिवाशासाठी हीच सीमा तिसऱ्या दिवशी येते.

17 वर्षांखालील मुलांना मासेमारीचा परवाना लागत नाही. इथे एक बारकावा आहे, ज्यात बरेच पालक अडकतात. आठ वर्षांच्या मुलीच्या हातात काठी आहे आणि वडील शेजारी नुसते उभे आहेत, तोवर काही अडचण नाही. पण मासा लागल्यावर काठी वाकते, मुलगी घाबरून ओरडते आणि वडील पुढे होऊन रीळ फिरवू लागतात, त्या क्षणी ते मुलाला प्रत्यक्ष मदत करणारे प्रौढ ठरतात आणि त्यांच्याकडे परवाना असणे आवश्यक असते. मुलांना घेऊन जाणाऱ्या निदान एका पालकाने परवाना काढावाच. मासा पकडून परत पाण्यात सोडणार असलो तरी परवाना लागतोच, आणि बेडूक, कासव किंवा झिंग्यासारखा दिसणारा गोड्या पाण्यातला क्रेफिश धरायलाही तोच परवाना चालतो.

दुसरी पायरी: बेरीज कागदावर मांडा

एकत्रित परवान्यात तीन गोष्टी येतात: बेस लायसन्स, सर्व जातींचा वार्षिक मासेमारी परवाना आणि दोन टॅगांचा डिअर कॉम्बो. आता याच तिन्ही गोष्टी सुट्या घेतल्या, तर 11 अधिक 26 अधिक 40, म्हणजे 77 डॉलर होतात. एकत्रित परवाना 76 डॉलरचा आहे. बचत एका डॉलरची.

मी पहिल्या वर्षी मार्च महिन्यात दुकानाच्या काउंटरवर उभा होतो, तेव्हा माझ्यासमोर ही बेरीज कुणी मांडली नाही. "सगळंच घेऊन टाका, परत परत यायला नको," असा सल्ला मिळाला आणि मी एकत्रित परवाना घेतला. त्या वर्षी मी जून ते ऑक्टोबर भरपूर मासेमारी केली, पण नोव्हेंबर आला तरी माझे शिकारीचे प्रशिक्षण झालेले नव्हते, बरोबर येणारे कुणी अनुभवी माणूस नव्हते, आणि हरणाचे दोन्ही टॅग न वापरता कपाटात राहिले. 26 डॉलरमध्ये भागले असते तिथे 76 गेले.

म्हणून नवख्याला माझा ठाम सल्ला आहे की मार्चमध्ये फक्त मासेमारीचा परवाना घ्यावा. शरद ऋतूपर्यंत शिकारीचा निर्णय पक्का झालाच, तर तेव्हा बेस लायसन्स आणि डिअर कॉम्बो जोडावा. असे थांबल्याने जास्तीत जास्त एक डॉलर अधिक जाईल. घाईने एकत्रित परवाना घेऊन शिकार झालीच नाही, तर 50 डॉलर जातील.

ज्याला हरणाचा एकच टॅग पुरेसा आहे, त्याच्यासाठीही एकत्रित परवाना महागच पडतो, कारण 11 अधिक 26 अधिक 20 असे त्याचे 57 डॉलरमध्ये भागते. मात्र इथे सावध राहावे. हरणाचा सुटा परवाना एकदा घेतला, की त्याच वर्षी दुसरा सुटा परवाना किंवा डिअर कॉम्बो घेता येत नाही, त्यामुळे हंट-फिश कॉम्बोचीही वाट बंद होते. दोन टॅग हवे असण्याची थोडी जरी शक्यता असेल, तर सुरुवातीलाच दोन टॅगांचा पर्याय निवडावा लागतो. या दोन टॅगांपैकी एकावर शिंगांची अट असते, म्हणजे नराच्या शिंगाला एका बाजूला किमान चार टोके असावी लागतात. शिवाय जिल्ह्यानुसार आणि हंगामानुसार नियम बदलतात, म्हणून त्या वर्षाची नियमपुस्तिका वाचल्याशिवाय निवड करू नये.

जो दर शरद ऋतूत हरणाच्या शिकारीला जातोच, वसंतात वॉलआय आणि उन्हाळ्यात बास धरतोच, त्याच्यासाठी एकत्रित परवाना उत्तम आहे. एकाच वेळी काम होते आणि काही राहून जात नाही. बदकांसाठी मात्र त्यालाही 12 डॉलरचा राज्याचा जलपक्षी परवाना आणि 16 वर्षे पूर्ण झालेली असल्यास 25 डॉलरचा केंद्रीय डक स्टॅम्प वेगळा घ्यावा लागतो. 'एकत्रित' या शब्दात हे येत नाही. राज्य उद्यानात गाडी नेण्यासाठी लागणारा रिक्रिएशन पासपोर्टही त्यात येत नाही.

तिसरी पायरी: शिकारीची पात्रता

मासेमारीला कोणतेही प्रशिक्षण लागत नाही. शिकारीला लागते. 1 जानेवारी 1960 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाने शिकार सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय त्याला नेहमीचा परवाना मिळत नाही. हे प्रमाणपत्र नसेल, तर 'ॲप्रेंटिस', म्हणजे उमेदवारीचा परवाना दोन परवाना-वर्षांपर्यंत घेता येतो. त्यासाठी नेहमीचा परवाना असलेली, 21 वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती शिकारीच्या वेळी बरोबर असावी लागते. मला विचाराल तर उमेदवारीचा परवाना घेतला तरी अभ्यासक्रम आधीच करावा. बंदुकीशी आपला लहानपणापासून काहीच संबंध आलेला नसतो. नळी कोणत्या दिशेला असावी, कुंपण ओलांडताना काडतूस का काढून ठेवावे, हरणाच्या मागे काय आहे हे दिसल्याखेरीज चाप का ओढू नये, या गोष्टी कुणी तरी समोर उभे राहून शिकवलेल्या बऱ्या.

चौथी पायरी: व्हिसा आणि बंदूक

हा भाग एच-1बी, एफ-1 किंवा तशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांनी दोनदा वाचावा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार अशा व्हिसावर प्रवेश केलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगण्यास सर्वसाधारण मनाई आहे. या मनाईला जे मोजके अपवाद आहेत, त्यांतला एक म्हणजे अमेरिकेत रीतसर दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. मित्राची बंदूक नुसती हातात घेऊन नेमबाजीच्या मैदानावर चार बार उडवणे हेसुद्धा परवाना नसताना गंभीर अडचणीत टाकू शकते, आणि त्या अडचणीचा परिणाम इमिग्रेशनवर होऊ शकतो.

परवान्याची मुदत संपण्याची तारीख म्हणूनच इथे फार महत्त्वाची ठरते. 11 डॉलरचा बेस लायसन्स हा शिकारीचाच परवाना आहे, पण केवळ बंदूक बाळगण्याची सबब म्हणून तो घेण्याचा विचार कुणी करत असेल, तर त्याने आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलावे. मासेमारीचा परवाना या कामी चालत नाही. ग्रीन कार्डधारकांना ही तात्पुरत्या व्हिसाची मनाई लागू नाही. धनुष्यबाण केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने बंदूक नाही, म्हणून तात्पुरत्या व्हिसावरचे अनेक जण 1 ऑक्टोबरपासून सुरू होणाऱ्या धनुष्यबाणाच्या हंगामानेच सुरुवात करतात, आणि तो मार्ग मला अधिक सुरक्षित वाटतो.

पाचवी पायरी: खरेदी कधी आणि कशी करावी?

मिशिगनचे परवाना-वर्ष 1 मार्चला सुरू होते आणि पुढच्या वर्षीच्या 31 मार्चला संपते, म्हणजे ते तेरा महिन्यांचे असते. 1 मार्चला घेतलेला परवाना तेरा महिने चालतो आणि फेब्रुवारीत बर्फावरच्या मासेमारीसाठी घेतलेला वार्षिक परवाना जेमतेम पुढच्या महिन्याअखेरपर्यंत. हिवाळ्यात एखाद्याच शनिवारी जायचे असेल, तर 24 तासांचा परवाना पुरे. वर्षातून दोन आठवडाअखेरींना, एकदा फेब्रुवारीत आणि एकदा जूनमध्ये, मासेमारीला परवानाच लागत नाही. मात्र माशांची लांबी आणि संख्या यांचे नियम तेव्हाही लागू असतात. हा छंद आपल्याला रुचतो का, हे एक पैसाही न भरता पाहण्याची ती चांगली संधी आहे.

परवाना डीएनआरच्या संकेतस्थळावर, त्यांच्या ॲपवर किंवा खेळसाहित्याच्या दुकानांत मिळतो. वाहनचालक परवान्याचा क्रमांक आणि जन्मतारीख हाताशी ठेवावी. मासेमारीचा परवाना फोनवर दाखवला तरी चालतो. हरणाचे टॅग मात्र कागदी आणि प्रत्यक्ष जवळ असावे लागतात. ऑनलाइन घेतल्यास ते टपालाने येतात, म्हणून हंगामाच्या आदल्या रात्री खरेदी करणाऱ्याने दुकानातच जावे. बंदुकीचा मुख्य हंगाम 15 ते 30 नोव्हेंबर असतो आणि 14 तारखेच्या संध्याकाळी दुकानांत उभे राहायला जागा नसते.

परवाना मिळाल्यानंतर

हरीण पडल्यावर पहिले काम टॅगचे असते. टॅगच्या कडेने महिना, तारीख, नर की मादी आणि शिंगांची टोके छापलेली असतात. त्यातले योग्य ते चौकोन सुरीच्या टोकाने कापून काढायचे आणि टॅग शिंगाला किंवा खालच्या जबड्याला दोरीने घट्ट बांधायचा. हात थंडीने बधिर झालेले असतात आणि आनंदाच्या भरात हे विसरायला होते, म्हणून दोरीचा तुकडा आणि लहान सुरी एकाच खिशात ठेवावी. 2022 पासून प्रत्येक हरणाची ऑनलाइन नोंद 72 तासांच्या आत करणे सक्तीचे आहे. मांस कापायला दुसऱ्याच्या ताब्यात देणार असाल, तर नोंद त्याआधीच व्हायला हवी.

मासेमारीत टॅगची भानगड नाही, पण मोजपट्टी हवी. बास 14 इंचांपेक्षा आणि वॉलआय बहुतेक पाण्यांत 15 इंचांपेक्षा लहान असेल, तर तो परत सोडावा लागतो. काही तळ्यांचे आणि नद्यांचे नियम वेगळे असतात, म्हणून गळ टाकण्यापूर्वी त्या पाण्याचे नाव नियमपुस्तिकेत शोधावे.

आणि धरलेला मासा घरी नेण्याआधी राज्याच्या आरोग्य विभागाची 'ईट सेफ फिश' मार्गदर्शिका जरूर पाहावी. कोणत्या पाण्यातला कोणता मासा महिन्यातून किती वेळा खावा, हे तीत जातवार दिलेले आहे. पीसीबीसारखी रसायने चरबीत साठतात, त्यामुळे कातडी आणि पोटाकडची चरबी काढून टाकल्याने ती बरीच कमी होतात. पारा आणि पीफास नावाची रसायने मात्र मांसातच असतात आणि ते कापून निघत नाहीत. ॲन आर्बरजवळून वाहणाऱ्या ह्यूरन नदीच्या माशांबाबत 2018 मध्ये पीफासमुळे 'खाऊ नका' असा इशारा द्यावा लागला होता. घरात गरोदर बाई किंवा लहान मुले असतील, तर हा तक्ता स्वयंपाकघरात चिकटवून ठेवावा. स्वच्छ तळ्यातले लहान पर्च आणि ब्लूगिल मोठ्या, चरबीच्या माशांपेक्षा सहसा अधिक सुरक्षित असतात. कोकम, हळद आणि तिखट लावून रव्यात घोळवलेला ताजा पर्च तव्यावर छान कुरकुरीत होतो. तो पहिल्यांदा तळायला घ्याल, तेव्हा कातडी आधी काढलेली असू द्या.